गिरीजमधला सर्वांत नालायक माणूस

माझी शाळा चौथीत सुटली. त्याचं फार वाईट वाटलं असं लिही, वाचणाऱ्यांना बरं वाटतं, असं माझी नात म्हणते. पण मला वाईट वाटलं नव्हतं. शाळेत मास्तर कान पिळायचे आणि वाडीत आई पिळायची. वाडीत निदान केळी खायला मिळायची. वाचायला मात्र मला पक्कं येत होतं, आणि त्यामुळेच पुढे बायकांच्या बायबलच्या भानगडीत मी सापडले. घरात आणि गावात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती लिहिली तर अर्ध्या लोकांना कळणार नाही, म्हणून सगळ्यांची बोलणी मी साध्या मराठीत लिहिते आहे. शिव्या बऱ्याच गाळल्या आहेत.

आमचं घर गिरीज गावात, वाडीच्या तोंडाशी. पुढे ओटा, मागे न्हाणीघर, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली अळूची पानं. त्यामागे वाडी सुरू व्हायची. आधी केळी, मग पांगाऱ्यावर चढवलेल्या पानवेली आणि कडेने नारळ. खायची पानं हीच आमची मीठ-भाकर. पहाटे बाबा वेलींत शिरायचे, ओली पानं खुडल्याचा बारीक टकटक आवाज यायचा, आणि त्याच वेळी आई चर्चमध्ये मिस्साला निघालेली असायची. तिच्या वहाणांचा आवाज दूर गेला की आम्ही भावंडं अंथरुणात पुन्हा पाय पसरायचो. ती परत आली की आधी चुलीत फुंकणी, मग आमच्या पाठीत. तांदळाची भाकर, भाजलेला बोंबील आणि काळा चहा एवढा नाश्ता. उपवासकाळ लागला की बोंबील बंद. चर्च नुसतं शुक्रवारी मांस नको म्हणायचं. आई राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मासळीही घरात येऊ द्यायची नाही. केळफूल, वाल, परत केळफूल. देवाला ह्याचा हिशेब माहीत आहे, असं ती म्हणायची. बाबा म्हणायचे, देवाला माहीत असेल तर ते मला का खायला घालतेस. पण हे ते वाडीत म्हणायचे, वेलींना.

आईने आयुष्यात कोणाकडून फुकट काही घेतलं नाही. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं तर वाटी परत जाताना तिच्यात गूळ तरी असायचा, नाहीतर शेंगा. आजारी पडली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनाही तिने अंथरुणात बसून वाल सोलून दिले. अशी बाई सोबतीला फार कठीण असते. लोक तिला संत म्हणायचे, कारण त्यांना तिच्या घरात राहायचं नव्हतं.

कुंपणापलीकडे कतरीनकाकी राहायची, माझ्या धाकट्या काकाची बायको. काका तरुणपणीच गेला होता. काकी मिस्साला उशिरा पोचायची, प्रार्थनेची माळ म्हणताना डुलक्या घ्यायची, आणि हसायला लागली की केळीवरचे बगळे उडायचे. वाटण्या झाल्या तेव्हा मोठं घर आमच्याकडे आलं आणि गोड पाण्याची विहीर काकीकडे गेली. आमच्या वाट्याची विहीर जुनी, बऱ्या पाण्याची. त्या वाटणीवरून दोघींचं असं भांडण झालं की मे महिन्यात क्रुसाजवळ माळ संपल्यावर, लोक उकडलेले चणे खात असताना, आईने सगळ्यांसमोर सांगितलं, "मेले तरी तुझ्या विहिरीचं पाणी तोंडात घालणार नाही." तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर कोंबड्यांना सांगत. आई म्हणायची, "कोंबड्यांनो, ज्यांची बकरी आहे त्यांनी बांधून ठेवावी." पलीकडून काकी आपल्या कोंबड्यांना म्हणायची, "ज्यांच्या केळी कुंपणाबाहेर वाकतात त्यांनी तोंड मिटावं." कोंबड्यांना दोन्हीकडची बित्तंबातमी होती.

त्या वर्षी फेब्रुवारीतच आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. विहिरी खाऱ्या होतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आज माझ्या मुलाच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या घरात नळ सोडला तरी काय येईल ते सांगता येत नाही, आणि बाटलीतलं पाणी विकत आणतात. पण तेव्हा विहीर खारी होणं म्हणजे घरातलं माणूस वेडं होण्यासारखं होतं. नारळाने सोसलं, केळीने थोडं सोसलं. पानवेलीला खारं चालत नाही. पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि करपलेलं पान व्यापारी हातात धरत नाही. बाबा बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, कावडीने पाणी आणून घालायचे. बावखलही तळाला लागलं होतं. वेली मेल्या तर नवा मळा धरायला वर्षं जातात, आणि तोवर घरात खायचं काय. कुंपणापलीकडे काकीची मोटार रोज सकाळी गोड पाणी ओढत होती. बाबांनी एकदाच विचारलं, "मी कतरीनशी बोलू का?"

"बोला," आई म्हणाली. "मग त्याच पाण्याने मला शेवटची आंघोळ घाला."

बाबा कावड उचलून गेले.

ह्याच उपवासकाळात सिस्टर आली. ती नगरकडची, तरुण, चष्मा लावणारी. तिने चर्चमध्ये जाहीर केलं की आता बायकांनीही बायबल वाचून समजून घ्यायचं, दर गुरुवारी दुपारी, आणि ओटा आमचा. आमचा का, तर सर्वांत स्वच्छ म्हणून. बायका आठ-दहा जमायच्या, पण वाचायला एकीलाही धड येत नव्हतं, म्हणून मला मध्ये बसवलं. मी पंधरा वर्षांची. बाकीच्या वाल सोलत, झाडूसाठी हीर काढत ऐकायच्या. आई एका टोकाला, काकी दुसऱ्या टोकाला. पाचूबंदरची रेमेतमावशी गावात मासे विकून झाले की रिकामी टोपली उलटी घालून तिच्यावर बसायची. तिच्या वासाने मांजरंही धर्माला लागली होती.

सिस्टरने पौलाचं पत्र काढलं. मी अक्षर लावून वाचलं. अर्थ असा होता की माणसाचं तारण होतं ते देवाच्या कृपेने, विश्वासाने. ते माणसाने कमावलेलं नसतं, दिलेलं असतं, म्हणून कोणी फुशारकी मारू नये. आईने वालाची शेंग खाली ठेवली.

"परत वाच," ती मला म्हणाली.

मी परत वाचलं.

"कमावलेलं नाही म्हणजे?" आईने सिस्टरला विचारलं. "रोजची मिस्सा, रोजची माळ, उपवास, ते कशात धरलं?"

"ते चांगलंच आहे," सिस्टर म्हणाली. "पण ते देऊन स्वर्ग विकत मिळत नाही. देव फुकट देतो."

"मग ह्या गुडघ्यांचं मी काय करू?" आई म्हणाली, आणि तिने खरंच लुगडं वर करून गुडघे दाखवले. टेकून टेकून ते नारळाच्या करवंटीसारखे झाले होते. काकी तोंडावर पदर धरून हलत होती.

पुढच्या गुरुवारी सिस्टरला वाटलं, ह्या वाडीवाल्या बायकांना मळ्याच्या मालकाची गोष्ट समजेल. त्या मालकाने सकाळी मजूर लावले, दुपारी लावले, अगदी दिवस बुडताना लावले, आणि सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. ही गोष्ट ज्यांनी कधी मजूर लावले नाहीत त्यांना सांगावी. आमच्या ओट्यावर हलकल्लोळ झाला.

"हा मालक कुठला?" नाताळीनबाय म्हणाली. ती आमची शेजारीण, गावातली सगळ्यांत म्हातारी. "दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याच्याकडे कोण येईल? सगळे उन्हं उतरल्यावरच येतील. वाडी सुकून जाईल त्याची."

"बायकोने विचारलं नाही त्याला?" दुसरी कोणी म्हणाली.

रेमेतमावशी टोपलीवरून म्हणाली (हे तिचं बोलणं मात्र तिच्याच तोंडचं ठेवते), "मला कळला बाबा देव. बाजार उठायच्या टायमाला जी येते तिला पन मी म्हावरं देते, आनि सकाळच्या बाईपेक्षा जास्त देते. माझं म्हावरं, मी कोनाला पन देईन. पानी सुटलंय त्याला, ठेवून काय करू?"

"म्हणजे देव काय नासायला आलेलं वाटतो?" आई म्हणाली.

"ते सिस्टरला विचार. मी माझ्या टोपलीचं सांगितलं."

सिस्टरने चष्मा पुसला. मला आता वाटतं की त्याच क्षणी तिने ठरवलं असणार, ह्यांना बोलून काही उपयोग नाही, करायलाच लावावं. ती म्हणाली, "ह्या उपवासकाळात नुसतं सोडू नका. एक काहीतरी द्या. जो आपल्या कामाचा नाही, ज्याने मागितलं नाही, जो त्या देण्याला पात्र नाही, अशा माणसाला. आणि कोणाला सांगू नका."

सांगू नका हे शेवटचं वाक्य सिस्टर फाटकाबाहेर पडण्याआधीच विसरलं गेलं. त्या दुपारी बायका ओट्यावरून उठल्याच नाहीत. पात्र नसलेला माणूस पाहिजे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. थोडासाही पात्र निघाला तर ते देणं मजुरीत जमा होईल, मग कृपा राहणार नाही. तेव्हा शोध सुरू झाला. एकीने दिराचं नाव घेतलं. दुसरी म्हणाली, छे, तो मागच्या वर्षी तुझं कौल बसवून गेला होता, तो अर्धा पात्र आहे. गावातल्या एकेका माणसाला ओट्यावर आणून, उलटसुलट करून, त्यात काही चांगलं निघालं की परत पाठवत होत्या. मी अनेक प्रवचनं ऐकली आहेत, पण माणसांच्या चांगल्या गुणांची इतकी बारीक चौकशी पुन्हा कधी ऐकली नाही. चांगला गुण निघाला की बायका हळहळत.

शेवटी नाताळीनबायने जावई निवडला. त्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. आईने बस्त्याव घेतला. हा बस्त्याव आमचे नारळ चोरायचा, आणि चोरलेल्यांतलाच एक कधी कधी आम्हाला विकायला आणायचा. काकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सिस्टरने सांगायचं नाही म्हणून सांगितलंय." काकीने कधी नियम पाळलेला कोणी पाहिला नव्हता. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या.

आईने चांगला भरलेला केळीचा घड माझ्याकडून बस्त्यावच्या दारात ठेववला. तो मला म्हणाला, "काय झालंय ह्याला?" मी म्हटलं, काही नाही, आईने दिलाय. तो घडाभोवती एक फेरी मारून आला. त्याची बायको म्हणाली, आधी बकरीला घाल. बकरीने खाल्लं, बकरी बरी राहिली, तरी त्याला झोप येईना. दुसऱ्या दिवशी रेमेतमावशी त्याच्या दारात मासे घेऊन गेली आणि तिने त्याला कारण सांगून टाकलं. संध्याकाळी बस्त्याव घड खांद्यावर घेऊन आमच्या ओट्यासमोर उभा. "मी नारळ नेले," तो म्हणाला, "नाही म्हणत नाही. पण गिरीजमध्ये मीच एक सापडलो? माझ्यापेक्षा जास्त नेणारे पहिल्या बाकावर बसतात. नावं सांगू?" बाबा घाईघाईने म्हणाले, नको. घडातली चार केळी कमी होती, बकरीची.

नाताळीनबायच्या जावयाचं आणखीच वाईट झालं. सासूने पाठवलेली कोंबडी त्याने आनंदाने कापली, तिचं मसालेदार इंद्याल करून खाल्लं, उपवासकाळात, शुक्रवारी. मग बायकोने सांगितलं की ही कोंबडी तुम्ही नालायक म्हणून आली आहे. कोंबडी परत करता येत नव्हती, म्हणून त्याने बायको परत पाठवली. दोन दिवसांनी भूक लागली तेव्हा घेऊन गेला.

आठवड्याभरात सगळ्या गावाला कळलं. मग गिरीजमध्ये कोणी कोणाचं काही घेईना. कोणाला कढीपत्त्याची काडी द्यायला गेलं तरी तो हात मागे घेऊन विचारायचा, "का? माझं काय ऐकलंस?" एका घरी पाहुण्यांनी आणलेले मैद्याचे तळलेले फुगे तसेच परत गेले. उपवासकाळात फुगे तळतो कोण, हे कोणी विचारलं नाही; फुगे आपल्यालाच का, एवढंच विचारलं. फादरांनी सिस्टरला बोलावून घेतलं. ती गुरुवारी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण रडून की हसून, हे मला अजून कळलेलं नाही.

इकडे वेली मरत होत्या. सिस्टर, जावई, बस्त्याव ह्यांच्यावर हसून झालं की मी मागे वाडीत जायचे, आणि तिथे हसू येत नसे. खालची पानं गळून पडली होती. बाबांच्या खांद्यावर कावडीचा घट्टा सोलून निघाला होता. एका संध्याकाळी त्यांनी कावड टाकली आणि बावखलाच्या काठावर नुसते बसले. आई तिथे आली, तिने कावड उचलली, स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि रिकाम्या बावखलाकडे बघत उभी राहिली. मी तिला तशी उभी कधी पाहिली नव्हती. तिला नेहमी काहीतरी काम असायचं. "वयनीने एकदा होय म्हणावं," असं पलीकडे काकी कोंबड्यांना म्हणाल्याचं मला ऐकू आलं. आईला ती वयनी म्हणायची; आईलाही आलं असणार. तिने आमच्या कोंबड्यांना उत्तर दिलं नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला, झावळ्यांच्या रविवारनंतरचा सोमवार होता. आई मिस्साहून आली, चूल पेटवली, आणि मागून मोटारीचा आवाज आला. रोजचाच आवाज, पण सोबत पाणी वाहिल्याचा, अगदी जवळून. मी मागे धावले. कुंपणाखालचा हद्दीचा बांध फोडलेला होता आणि काकीच्या विहिरीचं पाणी आमच्या सुक्या पाटातून फेसाळत, पालापाचोळा ढकलत येत होतं. पलीकडे काकी पदर खोचून, हातात फावडं घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून उभी.

माझ्यामागून आई आली. तिच्याही हातात फावडं होतं. पाण्याच्या तोंडावर दोन ढेकळं टाकली की पाट बंद. तिने फावडं मातीत घातलं. मला वाटलं, झालं, आता वेलीही गेल्या आणि घरही.

"कोंबड्यांनो," आई म्हणाली, "ह्यांना कोणी सांगितलं बांध फोडायला?"

काकी कोंबड्यांकडे वळली नाही. तिने सरळ आईकडे बघितलं. "सिस्टरने सांगितलं, वयनी. पात्र नाही अशा माणसाला द्यायचं. मी सगळं गाव शोधलं. जावई नाताळीनबायने घेतला, बस्त्याव तुम्ही घेतलात. मला तुम्हीच उरलात."

आईचा चेहरा मी विसरणार नाही. रोज मिस्सा, रोज माळ, करवंटीसारखे गुडघे, आणि यादीत बस्त्यावच्या खाली.

"मी नालायक?" ती म्हणाली. कोंबड्यांशिवाय बोलली, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"क्रुसापाशी मला काय काय बोललात ते आठवा, आणि तुम्हीच सांगा. पाण्याला तुम्ही पात्र आहात?"

आई विचार करायला लागली. खरंच विचार करायला लागली. हे तिचं मला आजही आवडतं. खोटं बोलून सुटका करून घेणं तिला येत नसे. पाणी तेवढ्यात तिच्या पावलांवरून वाहत पहिल्या वाफ्यापर्यंत पोचलं.

मला वाटलं, मी हुशार आहे. मी म्हटलं, "आई, तू तोंडात घालणार नाही म्हणाली होतीस. हे पाणी तर वेलींच्या मुळाला जातंय. शपथ मोडत नाही."

"गप," आई म्हणाली. "शब्द मोडायचा तर समोर मोडावा. मागच्या दाराने नाही." तिने फावडं बाजूला ठेवलं, पाटाशी खाली बसली, ओंजळ भरली आणि तोंडात घेतली. थोडा वेळ तशीच बसली, गाल फुगवून. मला वाटलं, थुंकते. काकीलाही वाटलं असावं. ती एक पाऊल मागे सरकली. आईने गिळलं.

मग तोंड पुसून म्हणाली, "माती आली."

"पाटातलं प्यायलात तर येणारच, वयनी. विहिरीवर या, कळशीने देते."

"येते. आधी मोटार हळू कर. वाफे फुटतायत माझे."

"मोटारीला हळू नसतं. एक तर चालू, नाहीतर बंद."

"मग बांध एवढा कशाला फोडलास, म्हैस जाईल असा? फुकट द्यायचं तर नीट द्यावं."

"फुकटचं घेऊन वर बोलायचं?"

"विकत घेतलं असतं तर गप्प बसले असते."

काकी हसायला लागली आणि बगळे उडाले. आई हसली नाही, पण तिने लुगडं खोचलं, कुंपण ओलांडलं, आणि दोघी त्या बांधाच्या भगदाडापाशी चिखलात उभ्या राहून ते केवढं असायला हवं होतं ह्यावर भांडू लागल्या, इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या एका भगदाडात घालून. पाणी त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. वेलींतून बाहेर आलेल्या बाबांनी मला खूण केली, मी फावडं उचललं, आणि एकेक वाफा भरला की तोंड बुजवून पुढचा उघडत गेले. चर्चची दुपारची घंटा झाली तेव्हा पाणी शेवटच्या वेलीपर्यंत पोचलं होतं, आणि त्या दोघी अजून भांडत होत्या.